निळ्या धुरापासून बीएस-६ पर्यंत: ठाणे-नवी मुंबईतील दुचाकींची पार्श्वभूमी

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १९७० मध्ये झाली, मात्र उपनगरी रेल्वे वाशीला पोहोचली १९९२ मध्ये आणि ठाणे-वाशी मार्ग सुरू व्हायला २००४ साल उजाडले. तोवर ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत जाणाऱ्या अनेकांना बस, नाहीतर स्कूटर, एवढाच पर्याय होता.

त्या काळच्या स्कूटर बहुतांशी टू-स्ट्रोक होत्या. या इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत शिरते, त्यामुळे पेट्रोलचा बराच भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. शिवाय वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच जळते आणि मागे जो निळसर धूर दिसतो तो त्याचाच. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही मोटरसायकल आली; तिच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल असे वाया जात नाही. ती खपली मायलेजच्या जोरावर, स्वच्छ हवेसाठी नव्हे.

पेट्रोल वाहनांच्या धुरावर देशभर मर्यादा आल्या १९९१ मध्ये. दुचाकींसाठी हायड्रोकार्बन (म्हणजे न जळलेले इंधन) आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा २००० मध्ये किलोमीटरमागे २ ग्रॅम होती, ती २००५ मध्ये १.५ आणि २०१० मध्ये १ ग्रॅमवर आली. टू-स्ट्रोकला बाजारातून हटवले ते मुख्यतः या आकड्यांनी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ (भारत स्टेज-३, म्हणजे २०१० च्या मर्यादांनुसार बनलेल्या) वाहनांची विक्री थांबवली, तेव्हा शेवटच्या दोन-तीन दिवसांत शोरूमनी भरघोस सूट देऊन उरलेला माल खपवला. त्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०३२ पर्यंत चालणार आहे. २०२० च्या बीएस-६ ने पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनला दिली आणि नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅमवर आणली.

कागदावर ही प्रगती मोठी आहे, पण ती नव्या गाडीची. रस्त्यावरच्या गाडीला पीयूसी (प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र) लागते, आणि त्याच्या चाचणीत इंजिन जागच्या जागी सुरू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तेवढे मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड नाही. घोडबंदर रस्त्यावरील उड्डाणपुलाचा चढ चढताना तीच गाडी काय सोडते, हे या चाचणीत येतच नाही. सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरक परिवर्तकाला (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तर काम सुरू करण्यासाठी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागते. घर ते स्टेशन या दोन किलोमीटरच्या फेरीत, जी नवी मुंबईत असंख्य दुचाकी रोज करतात, त्यातला बराचसा वेळ तो तापण्यातच जातो. हौसेने सायलेन्सर बदलणारे तर अनेकदा जुन्या सायलेन्सरबरोबर हा परिवर्तकच काढून टाकतात.