पिचरचं प्रगतिपुस्तक आणि चेंडूची शिवण

नोव्हेंबर २०२५ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या पॉल स्कीन्सला नॅशनल लीगचा, म्हणजे तिकडच्या मुख्य लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, साय यंग पुरस्कार मिळाला. त्या लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, तोही एकमताने. बातमी मी उत्साहाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. या मुलाचा प्रवास मी खालच्या लीगपासून पाहत आलोय, त्यामुळे घरातलंच कुणी पास झाल्यासारखं वाटत होतं. दोन मिनिटांत मामेभावाचं उत्तर आलं : "टप्पा नाही, स्विंग नाही, सगळे फुलटॉसच. यात काय एवढं?"

त्याला ग्रुपवर उत्तर देत बसलो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून हा लेख.

आधी त्या खालच्या लीगविषयी थोडं. अमेरिकेत मुख्य लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या हाताखाली लहान शहरांमधले चार संलग्न संघ असतात. शिवाय अगदी नवख्यांसाठी सरावकेंद्रांतली एक लीग. पायरेट्सची शिडी अशी : फ्लोरिडातलं ब्रॅडेंटन, मग ग्रीन्सबरो, मग आल्टूना, मग इंडियानापोलिस आणि शेवटी पिट्सबर्ग. रणजी खेळणारा मुलगा आपल्या राज्याला जिंकवायला उतरतो. इथं तसं नाही. आल्टूनाचा संघ हरला तरी वरच्या मालकांची झोप उडत नाही, त्यांना पोरगं तयार व्हायला हवं असतं. पाचवीतून सहावीत घालावं तसं खेळाडूंना वर ढकलतात, कधी एखादी इयत्ता गाळूनही.

स्कीन्सची एक इयत्ता गाळली गेली. आधी हवाई दलाच्या अकादमीत कॅचर (आपला यष्टिरक्षकच म्हणा) आणि पिचर अशा दोन्ही भूमिका केलेला हा मुलगा नंतर लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला आणि जुलै २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात पहिला निवडला गेला. करार ९२ लाख डॉलर्सचा. त्या उन्हाळ्यात त्याने सरावकेंद्राची लीग, ब्रॅडेंटन आणि आल्टूना मिळून जेमतेम पावणेसात इनिंग टाकल्या. (तीन बॅटर बाद केले की पिचरची एक इनिंग.) ग्रीन्सबरोला तो थांबलाच नाही. आणि निकाल? नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा दिल्या हे सांगणारा ई.आर.ए. नावाचा आकडा असतो, कमी तेवढा चांगला. स्कीन्सचा त्या वर्षीचा ई.आर.ए. ५.४०. एकट्या आल्टूनाचा १३.५०! पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला, म्हणजे आणखी वरच्या इयत्तेत, सात सामन्यांनंतर तोच आकडा ०.९९. सत्तावीस इनिंगांत ४५ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू नीट मारू न देताच बाद.

मग २०२३ मध्ये तो वाईट होता का? आल्टूनाला त्याने फक्त आठ बॅटर बाद केले आणि त्यात चार धावा गेल्या. एका ओव्हरवरून फलंदाजाची निवड करावी, तसला हा प्रकार. लहान नमुना फसवतो, हे शाळेत नाणं उडवताना शिकवतात आणि आपण लगेच विसरतो. दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा आला, तर नाणं खोटं ठरत नाही. तेव्हा पोरगं कसं आहे हे धावांवरून कळत नसेल, तर कशावरून कळतं? चेंडूवरून. हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लव्हपर्यंत चेंडू हवेत काय करतो, त्यात नशिबाचा वाटा फार थोडा असतो. एलबीडब्ल्यूच्या निर्णयांमुळे आपल्या घराघरांत पोचलेली हॉक-आय यंत्रणा तिकडे २०२० पासून मुख्य लीगमध्ये प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण मोजते. इंडियानापोलिसच्या पातळीवरचे आकडेही सगळ्यांना पाहायला मिळतात. तिथली संध्याकाळची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी किती पहाटे त्या आकड्यांवर घालवल्या, हे घरच्यांना विचारू नका.

आता मामेभावाच्या फुलटॉसकडे येऊ.

पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर १८.४४ मीटर, आपल्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमी. पिचर पाय लांब टाकून चेंडू सोडतो, म्हणून प्रत्यक्षात ते सतरा मीटरच्याही आत येतं. ताशी १५९ किलोमीटर हा स्कीन्सच्या वेगवान चेंडूचा नेहमीचा वेग. या वेगाने चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. त्यातला जवळजवळ ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातो. उरलेल्या वेळात बघायचं आणि ठरवायचं.

या ०.४ सेकंदात गुरुत्वाकर्षण चेंडूला किती खाली ओढतं? नववीतलं सूत्र वापरा : अर्धा गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग. उत्तर ७८ सेंटिमीटर. पण वेगवान चेंडू एवढा पडत नाही, कारण पिचर त्याला उलटी फिरकी देऊन सोडतो. पुढे जाताना चेंडूचा वरचा भाग मागे, पिचरच्या दिशेने फिरत असतो. चेंडूला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो, त्याला सीमास्तर म्हणतात. होडीमागे पाण्याची जशी शेपूट उमटते, तशी हा थर चेंडूपासून सुटला की मागे खळबळलेल्या हवेची शेपूट तयार होते. उलट्या फिरकीत वरच्या बाजूची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि खालच्या बाजूची लवकर सुटते. परिणामी सगळी शेपूट खाली वळते. चेंडूने हवा खाली ढकलली म्हणजे हवेने चेंडू वर ढकलला. न्यूटनचा तिसरा नियम, बस्स. हाइनरिख माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ च्या सुमारास यावर प्रयोग केले, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात. "वर वेग जास्त म्हणून दाब कमी" हे पुस्तकी स्पष्टीकरण चूक नाही, पण त्याने डोक्यात चित्र उभं राहत नाही. शेपूट लक्षात ठेवा.

म्हणजे ७८ पैकी पस्तीसेक सेंटिमीटर माग्नुस परत देतो. चेंडू उरलेले चाळीसेक सेंटिमीटर पडतोच. बेसबॉलमध्ये "वर उसळणारा" वेगवान चेंडू ही जुनी दंतकथा आहे. तो वर जात नाही, अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि डोळ्यांना तो वर गेल्यासारखा वाटतो. याउलट, वळणारा चेंडू हा नुसता दृष्टिभ्रम आहे असं छातीठोकपणे म्हणणारेही एकेकाळी होते. लायमन ब्रिग्ज या निवृत्त शास्त्रज्ञाने ऐंशी उलटल्यावर हवेच्या बोगद्यात फिरते चेंडू सोडून ते खोडून काढलं आणि १९५९ मध्ये निकाल छापला. मला हा म्हातारा फार आवडतो.

स्कीन्सकडे वेग होता, पण ड्राफ्टच्या वेळीच जाणकार कुरकुरत होते : वेग आहे, चेंडूचा आकार मात्र साधा आहे. आकार म्हणजे हवेतल्या वाटेचा आकार. ड्राफ्टनंतर त्याने एक नवा चेंडू घडवला. सिंकर (खाली बुडणारा वेगवान चेंडू) टाकायला गेला आणि बोटांची पकड अशी बसली की सिंकर आणि स्प्लिटर (दोन बोटं फाकवून धरलेला, शेवटी पडणारा चेंडू) यांच्या मधलंच काहीतरी निघालं. त्याचं नाव स्प्लिंकर. वेग ताशी सुमारे १५१ किलोमीटर, फिरकी वेगवान चेंडूपेक्षा बरीच कमी.

आता गणित पुन्हा करा. वेळ ०.४२ सेकंद, गुरुत्वाकर्षणाचे ८६ सेंटिमीटर आणि माग्नुसकडून परत मिळतात जेमतेम दहा. म्हणजे पडणं पाऊण मीटर. हात तोच, सुरुवातीची दिशा तीच, डोळ्यांना जवळजवळ तोच वेग, आणि शेवटी दोन चेंडूंमध्ये पस्तीसेक सेंटिमीटरचा फरक. बेसबॉलच्या बॅटची जास्तीत जास्त जाडी ६.६ सेंटिमीटर. हा आहे तुझा फुलटॉस, दादा.

पण एवढ्यावर थांबलो तर खरी मजा राहून जाईल, कारण असे चेंडू निव्वळ माग्नुसच्या हिशेबात बसत नाहीत. यात शिवणीचा हात आहे.

घरात टेनिस बॉल असेल तर घ्या. त्यावरची नागमोडी पांढरी रेघ पाहिलीत? बेसबॉलची शिवण जवळपास त्याच वाटेने जाते, १०८ दुहेरी टाके, आणि ती उचललेली असते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण विषुववृत्तासारखी सरळ. आपला स्विंग गोलंदाज ती एका कोनात तिरकी धरतो. तिथं शिवण हवेला पुढच्या बाजूलाच भेटते, त्या बाजूचा सीमास्तर खळबळतो, आणि खळबळलेला थर चेंडूला उलट जास्त वेळ चिकटून राहतो. म्हणून शेपूट दुसऱ्या बाजूला वळते आणि चेंडू शिवण रोखलेल्या दिशेला जातो. इथपर्यंत क्रिकेटवाल्यांना माहीत असतं.

बेसबॉलमध्ये नेमकं उलटं घडतं. शिवण चेंडूच्या पुढे नसून कडेला, हवेचा थर सुटायच्या जागेच्या आसपास येते. तिथं ती उंबऱ्यासारखी आडवी पडते. वाहत आलेली हवा अडखळते आणि त्या बाजूला लवकर सुटते. पलीकडची हवा मात्र चिकटलेलीच. शेपूट शिवणीच्या बाजूला सरकते आणि चेंडू शिवणीपासून दूर ढकलला जातो. म्हणजे शिवण पुढे असेल तर चेंडू तिच्याकडे, कडेला असेल तर तिच्यापासून लांब! युटा स्टेट विद्यापीठातल्या बार्टन स्मिथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चेंडूभोवतीच्या हवेची छायाचित्रं घेऊन हे गेल्या काही वर्षांतच नीट उलगडून दाखवलं.

यावर शंका येते : चेंडू मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेतोय, मग शिवण एका जागी राहीलच कशी? राहत नाहीच. पण फिरकीचा अक्ष आणि शिवणीची नागमोडी वाट यांची जोडी विशिष्ट पद्धतीने जमली, तर प्रत्येक फेऱ्यात शिवणीचा कुठला ना कुठला तुकडा कडेच्या त्याच भागातून जातो आणि समोरच्या कडेला तेव्हा गुळगुळीत चामडं असतं. दोन्ही कडांना सारखीच शिवण आली तर हिशेब शून्य. एकीकडे जास्त आली तर फेऱ्याफेऱ्याला छोटे धक्के एकाच दिशेने साठत जातात. अक्ष थोडा कलला की जोडी मोडते. ज्यांना हे डोळ्यांपुढे येत नाहीये त्यांनी टेनिस बॉलवर दोन बोटं ठेवून तो सावकाश फिरवावा आणि कडेची रेघ पाहत राहावी. मला दोन संध्याकाळी लागल्या.

बॅटरची पंचाईत इथेच आहे. अनुभवी बॅटर फिरकीवरून वळणाचा अंदाज बांधतो आणि शिवणीचा धक्का त्या अंदाजात नसतो. म्हणून इंडियानापोलिसमधल्या त्या आकड्यांत मला धावांपेक्षा स्प्लिंकरचे ठिपके महत्त्वाचे वाटत होते. आलेखावर ते वेगवान चेंडूच्या ठिपक्यांच्या बरेच खाली, एका घट्ट पुंजक्यात होते. आल्टूनाच्या १३.५० चं उत्तर त्या पुंजक्यात आहे असं मी म्हणणार नाही. विश्रांती, वय, बाकीचे चेंडू, सगळंच होतं. पण ११ मे २०२४ ला तो शिकागोविरुद्ध मुख्य लीगमध्ये उतरला आणि वर्षअखेर १.९६ च्या ई.आर.ए.सह सर्वोत्तम नवोदित ठरला, तेव्हा मी चकित झालो नाही एवढंच.

नुसत्या वेगाच्या आकड्याला भुलणाऱ्यांसाठी स्टीव्ह डाल्कोव्स्की हे नाव. त्याच्याइतका वेग कुणाचाच नव्हता अशी त्याची ख्याती. १९६० मध्ये स्टॉकटनला त्याने १७० इनिंगांत २६२ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि तेवढ्याच, म्हणजे २६२ जणांना बाहेरचे चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. मुख्य लीगमध्ये तो कधीच पोचला नाही.

अंधश्रद्धा तिकडेही कमी नाहीत. पिचरने एकही हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) दिलेला नसेल तर सामना चालू असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते. खेळाडू मैदानाच्या पांढऱ्या रेषेवर पाय पडू नये म्हणून उडी मारून जातात. आपल्या ट्रकवरच्या लिंबू-मिरचीला हसणाऱ्या अमेरिकी मित्राला हे ऐकवून पाहा. ११ जुलै २०२४ ला स्कीन्सने सात इनिंगांत एकही हिट दिला नव्हता. नव्याण्णव चेंडू झाल्यावर त्याला बाहेर घेतलं. चेंडूंची मोजदाद, दुसरं काही नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा एक छोटा अस्थिबंध प्रत्येक चेंडूला ताणला जातो. १९७४ मध्ये फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्याच पिचरच्या नावाने ओळखली जाते. तरुण पिचरना एवढं जपून, मोजून वर का चढवतात, ते यावरून कळावं.

आणि ब्रॅडेंटनमधली एक जुनी गोष्ट. २००८ मध्ये भारतात चेंडूफेकीची एक स्पर्धा झाली होती. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, त्यातून पुढे आले आणि त्यांना करारबद्ध केलं पायरेट्सनीच. २००९ च्या उन्हाळ्यात ते पायरेट्सच्या तिथल्या सरावकेंद्राच्या लीगमध्ये खेळले. स्कीन्स चौदा वर्षांनी जिथून निघाला तीच ही पायरी. दिनेश लवकर परतला. रिंकू टिकला, २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून ७२ इनिंगांत ३.०० च्या ई.आर.ए.पर्यंत पोचला, मग दुखापती आल्या आणि पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला. त्या मैदानांवर तेव्हा हॉक-आयचे कॅमेरे नव्हते. रिंकूच्या धावा आणि इनिंग नोंदलेल्या आहेत. त्याच्या चेंडूची शिवण हवेत कुठल्या कडेला येत होती, ते पाहायला कुणी नव्हतं.