बायोडिझेल आणि रिन्यूएबल डिझेल: तेल तेच, इंधन वेगळं

तळणीचं वापरलेलं तेल, पामतेल, प्राणिज चरबी असा कच्चा माल बायोडिझेल आणि रिन्यूएबल डिझेल या दोन्ही इंधनांना चालतो. त्यामुळे एकाचं नाव दुसऱ्याला सर्रास चिकटतं. पण रेणू वेगळे आहेत.

बायोडिझेल बनवताना तेल ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि त्यात तेलाच्या वजनाच्या साधारण २० टक्के मिथेनॉल व १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ढवळतात. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, म्हणून त्याच्या खालीच थांबायचं. वर बायोडिझेल राहतं आणि ग्लिसरिन तळाशी बसतं, १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो. तेलात पाणी किंवा मुक्त फॅटी आम्लं (तेल खराब होताना त्यातून सुटणारी आम्लं) जास्त असली की साबण तयार होतो आणि थर सुटेच होत नाहीत. म्हणून तेल आधी वाळवणं आणि त्याची आम्लता तपासणं ही पायरी कधीही गाळू नये.

रिन्यूएबल डिझेलसाठी रिफायनरीच लागते. ३०० अंशांच्या वर, मोठ्या दाबाखाली हायड्रोजन देऊन तेलातला ऑक्सिजन काढून टाकतात. उरतात शुद्ध हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू, खनिज डिझेलसारखेच. हा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून येतो. जाहिरातीत हे सांगत नाहीत, पण कार्बनच्या हिशेबात ते धरलंच पाहिजे.

बायोडिझेलमध्ये सुमारे ११ टक्के ऑक्सिजन राहतो आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तोच. लिटरमागे ऊर्जा ७-८ टक्के कमी मिळते. ते ओलावा धरतं, टाकीत जंतू वाढतात, सहा महिन्यांपुढे आंबटपणा चढतो. जुन्या टाकीतला गाळही ते सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर वारंवार तुंबतो. पामतेलाचं बायोडिझेल तर १५ अंशांच्या आसपासच गढुळतं. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या जनरेटरमध्ये शुद्ध बायोडिझेल भरून ठेवू नका. तिथे रिन्यूएबल डिझेलच योग्य. मात्र त्यात खनिज डिझेलमधले ॲरोमॅटिक (बेंझीनसारखे वलयाकार) घटक नसल्याने जुने रबरी सील आकसून गळती लागू शकते.

कच्च्या मालाची अडचण दोघांचीही. वापरलेलं तेल मर्यादित आहे, आणि जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल वापरलं तर कार्बनची बचत उरतच नाही.

टाकीत नेमकं काय आहे, याची शंका आली तर हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) बुडवा. १५ अंशांना बायोडिझेलची घनता ०.८८ च्या आसपास असते, रिन्यूएबल डिझेलची ०.७८.