तालमीतून आलेला हाडवैद

मोडलेलं हाड, निखळलेला सांधा हाताने बसवणारा तो हाडवैद्य. बडोद्याच्या मराठी घरांत हा शब्द गुजराती वळणाने 'हाडवैद' झाला आहे. त्याची भुव्याशी गल्लत नको. भुवा म्हणजे मांत्रिक; तो दाणे पाहतो, धागा बांधतो. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींचा पुजारी, म्हणजे बडवा, त्यांच्या पिठोरा देवाचा विधी करतो. हाडवैदाकडे मंत्र असलाच, तर तो हिसका देताना रोग्याचं लक्ष दुसरीकडे वळवण्यापुरता.

त्याचं मूळ तालमीत आहे. कुस्तीत खांदा निखळतो, मनगट मुरगळतं. ते जागच्या जागी बसवणारा उस्तादच. सांधा कोणत्या कोनात सुटतो हे ज्याला डावात कळतं, त्याचा हात तो बसवतानाही चाचपडत नाही. बडोद्यात कुस्तीला राजाश्रय होता. खंडेराव महाराजांचं (१८५६–१८७०) मल्लवेड तर प्रसिद्धच. जुम्मादादांची व्यायामशाळा १८८० ची. उस्ताद मुसलमान, वारसा चालवणारे शिष्य मराठी – राजरत्न प्रो. माणिकराव. दांडिया बाजारातल्या त्यांच्या आखाड्यात लोक जोर-बैठका मारायला जात, तसे हाड बसवून घ्यायलाही.

तालीम नसलेल्या गावात हे काम एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा मेंढपाळाच्या घराण्यात चालतं. शेळीचा पाय बांधणारा हात माणसाचाही बांधतो. साहित्य साधंच: बांबूच्या कामट्या, कापूस, पट्ट्या, आंबेहळद-रक्ताबोळाचा लेप आणि कांडवेल, जिला लोक हाडसांधी म्हणतात.

हे सगळं अडाणी म्हणून उडवून लावणाऱ्यांनी सुश्रुत, म्हणजे आयुर्वेदातली प्राचीन सुश्रुतसंहिता, उघडावा. तिथे निखळलेल्या सांध्याचे ६ आणि मोडलेल्या हाडाचे १२ प्रकार आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू कामट्यांसाठी सांगितले आहेत. पट्टी थंडीत ७ दिवसांनी सोडायची, उन्हाळ्यात ३. लहानपणी हाड महिन्यात जुळतं, मध्यम वयात दुप्पट वेळ, म्हातारपणी तिप्पट. आणि एक ताकीद: बंध सैल पडला तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळला तर सूज, ठणका आणि पू.

घात होतो तो याच ताकिदीकडे दुर्लक्ष झाल्यावर. पोराचं कोपर मोडतं, पट्टा करकचून बसतो, बोटं गार पडतात, निळी होतात आणि 'दुखणारच' म्हणून घरचे दोन दिवस थांबतात. रक्त अडलेल्या स्नायूला तेवढा वेळ नसतो. काही तासांत तो मरू लागतो. शिवाय बोटांनी चाचपून निखळलेला सांधा कळतो, त्याच्या आतली बारीक चीर कळत नाही. ती दाखवणारे क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले. जाणता हाडवैद आता हात लावण्याआधी विचारतो, "फोटो काढलाय का?"