तीन पेडांचा दोर आणि टेक्सासची चिली

आम्ही टेक्सासातल्या सॅन अँटोनियोला राहतो, आणि शेजारी सांगलीचा एक मुलगा राहतो. मागच्या थंडीत एका शनिवारी तो डबा घेऊन आला. "काकू, चिली केलीय. खाऊन सांगा, काय चुकलं ते." रंग झकास होता, जिऱ्याचा वासही छान सुटला होता. पण मांसाचा तुकडा दाताखाली आला आणि त्याचा चोथा झाला. चावावं तितका कोरडा. रस्सा पातळ, पाण्यासारखा तुकड्यांवरून निथळणारा.

"दुकानातलं सगळ्यात महाग मांस आणलं होतं," तो म्हणाला. "पडदा नाही, शीर नाही, काही नाही. आधी मोठ्या आचेवर लाल भाजून घेतलं, म्हणजे रस आत कोंडून राहतो. मग तीन तास चांगलं खळखळ उकळलं. एवढं करूनही लाकूड कसं झालं?"

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. असा प्रश्न कोणी विचारला की मला राहवत नाही. त्याच्या या चार वाक्यांत तीन चुका आहेत आणि तिन्ही चुका पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांतही रोज होतात, म्हणून हा लेख.

आधी पदार्थाबद्दल थोडं. 'चिली कॉन कार्ने' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मांस घातलेली मिरची'. नावात मिरची आधी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या या गावाच्या चौकांत संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या बायका कंदील लावून, लाकडी टेबलं मांडून चिली विकायच्या. त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल होता. पुढे १९३० च्या दशकात आरोग्य खात्याच्या नियमांनी चौकातली ही टेबलं उठवली. १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. इथले जुने लोक तिच्यात राजमा घालत नाहीत, बरेचसे टोमॅटोही घालत नाहीत. फक्त मांस, वाळलेल्या मिरच्या, जिरं, लसूण आणि वेळ. पीठ लावून दाट केलेली नाही आणि तरी दाट, अशी चिली हवी. हा दाटपणा येतो कुठून?

तो मांसातूनच येतो, आणि मांसाच्या त्या भागातून येतो जो आपण कसायाला "काढून टाका" म्हणून सांगतो.

मांस म्हणजे स्नायूंचे तंतू. हे तंतू सुटे नसतात. पेंढीला जसं बंधाटीने बांधावं तसे त्यांचे जुडगे पांढुरक्या पडद्यांनी बांधलेले असतात. हे पडदे, हाडाला स्नायू बांधणाऱ्या कंडरा आणि कातडं, या सगळ्यांत मुख्य प्रथिन एकच, कोलॅजन. जो स्नायू जास्त राबतो त्याच्यात कोलॅजन जास्त. जनावर दिवसभर मान खाली घालून चरतं, तेव्हा भार मानेवर आणि खांद्यावर असतो. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा स्नायू मात्र जवळपास आरामातच असतो. म्हणून तो मऊ, म्हणून तो महाग. आमच्या शेजाऱ्याने नेमका तोच आणला होता.

आता कोलॅजनचा रेणू बघू. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मला या रेणूसारखा देखणा रेणू दुसरा माहीत नाही.

नारळाच्या काथ्याचा दोर बघा. तीन पेड असतात आणि ते एकमेकांभोवती वळलेले असतात. कोलॅजन तसंच आहे. तीन साखळ्या, प्रत्येकीत साधारण हजार अमिनो आम्लांचे (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांचे) मणी, आणि तिन्ही मिळून एक दोर. या दोराची लांबी ३०० नॅनोमीटर आणि जाडी दीड नॅनोमीटर. म्हणजे दीड मिलिमीटर जाडीची सुतळी घेतली तर ती ३० सेंटिमीटर लांब. असे असंख्य दोर शेजारी शेजारी, ठराविक अंतराने मागेपुढे सरकवून रचलेले असतात, आणि त्यांना आडवे टाके घातलेले असतात.

तीन पेडांच्या या दोराची आज मानली जाणारी रचना कुठे सुचली? मद्रासला. १९५२ मध्ये जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख झाले. वय होतं अवघं तीस. त्याच सुमारास तिथे आलेले ब्रिटनमधले शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल म्हणाले की कोलॅजनच्या रचनेचं कोडं अजून समाधानकारक सुटलेलं नाही. रामचंद्रन यांनी ते मनावर घेतलं. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून जी चित्रं मिळाली, त्यांच्या आधारे त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात तीन पेडांची रचना मांडली, आणि पुढच्या वर्षी तिच्यात सुधारणा करून पेडांना एकमेकांभोवतीचा पीळही दिला. आजही जगभर तिला 'मद्रास हेलिक्स' म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात डीएनएच्या दोन पेडांची गोष्ट असते. ही तीन पेडांची गोष्ट तिथे असायलाच हवी होती असं मला शिकवताना दर वर्षी वाटायचं.

तीन साखळ्या इतक्या घट्ट वळायच्या तर दोराच्या गाभ्यात जागा अगदी कमी उरते. तिथे मोठा मणी मावणारच नाही. म्हणून दर तिसरा मणी ग्लायसिनचा. ते सगळ्यात लहान अमिनो आम्ल, त्याच्या बाजूला फक्त एक हायड्रोजन. मधल्या दोन जागांवर बऱ्याचदा प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन असतं. प्रोलीनची रचना कड्याची असल्यामुळे साखळी तिथे ताठ राहते, हवी तशी वाकत नाही. हायड्रॉक्सिप्रोलीन म्हणजे ऑक्सिजनची आणखी एक जोडणी झालेलं प्रोलीन. या ऑक्सिजनमुळे दोर भक्कम होतो हे माहीत होतं. कारण मात्र बराच काळ असं दिलं जायचं की पाण्याचे रेणू त्याला धरून पेडांमध्ये पूल बांधतात. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की मोठं कारण दुसरंच आहे. या ऑक्सिजनच्या ओढीमुळे प्रोलीनच्या पाच अणूंच्या कड्याची घडी एका ठराविक बाजूला मुडपते आणि साखळी आधीपासूनच पिळाला अनुकूल अशा आकारात बसते. ज्याला ही घडी डोळ्यापुढे आणायला जड जाईल त्याने एवढंच धरावं: हायड्रॉक्सिप्रोलीन जितकं जास्त, तितका दोर सोडायला जास्त उष्णता लागते. थंड समुद्रातल्या माशांत ते कमी असतं. मासा पाच मिनिटांत शिजतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

ही ऑक्सिजनची जोडणी करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही तर दोर कच्चा राहतो, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. हाच स्कर्व्ही. आणि क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं गेलं ते हंगेरीतल्या सेगेड गावी, तिथल्या लाल पाप्रिका मिरचीतून. ते काम करणाऱ्या अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ मध्ये नोबेल मिळालं. मिरची आणि मांस यांचं नातं पातेल्याच्या बाहेरही आहे ते असं. (वाळवून, भाजून, तीन तास शिजवल्यावर मिरचीतलं क जीवनसत्त्व फारसं उरत नाही, तेव्हा चिलीकडून ती अपेक्षा नको.)

आता पातेलं आचेवर ठेवू. ५० ते ५५ अंश सेल्सिअसला स्नायूतंतूंतलं मायोसिन हे प्रथिन आवळायला लागतं. ६० ते ६५ अंशांना कोलॅजनचे पडदे एकदम आक्रसतात. ओला टॉवेल पिळावा तसे ते तंतूंना पिळतात आणि पाणी बाहेर येतं. तुकडा लहान, घट्ट आणि चिवट होतो. इथे थांबलात तर चप्पल चावल्यासारखं वाटेल. पण उष्णता तशीच चालू ठेवली तर ७० अंशांच्या पुढे टाके उसवायला लागतात, पेड एकेक करून सुटे होतात आणि पाण्यात विरघळतात. सुटलेल्या पेडांचं नाव जिलेटिन. हे पेड लांबलचक, पाण्याला धरून ठेवणारे. रस्सा दाट होतो तो यांच्यामुळे. तंतूंनी आपलं पाणी गमावलेलं असतंच, पण आता त्यांच्यामध्ये चिवट पडद्याऐवजी बुळबुळीत जिलेटिन असतं, म्हणून घास ओला आणि मऊ लागतो. महागड्या तुकड्यात पडदेच नव्हते. पाणी गेलं आणि त्याची जागा घ्यायला काही आलं नाही. तीन तासांनी चोथाच होणार.

घाई मात्र चालत नाही. पेड सुटायला वेळ लागतो. जनावर जितकं वयस्क तितके टाके जास्त आणि पक्के. जून बोकडाचं मटण शिजता शिजत नाही ते यामुळेच. खळखळ उकळून वेळ फारसा वाचत नाही. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, उलट तुकडे आपटून बाहेरून भुगा होतात. कुकरात तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे पाऊण तासात काम होतं हे खरं, पण तंतू आणखी आवळतात आणि रस्सा आटत नाही. मी चिलीला कुकर लावत नाही.

आता रस कोंडण्याची गोष्ट. हा समज जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४७ च्या सुमारास पसरवला आणि अजून जात नाही. तापलेल्या तव्यावर मांस टाकलं की चर्र आवाज येतो ना? तो पाणी बाहेर पडून वाफ होण्याचाच आवाज आहे. रस कोंडला असता तर तवा गप्प बसला असता. भाजायचं ते चवीसाठी. साधारण १४० अंशांच्या वर प्रथिनं आणि शर्करा यांच्यात जी अभिक्रिया होते, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यांनी १९१२ मध्ये केलं, तिच्यातून तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो. म्हणून थोडे थोडे तुकडे भाजावेत. पातेलं भरून टाकले तर सुटलेल्या पाण्यात ते नुसते उकडतात.

मिरचीवर थोडक्यात. इथे आंचो आणि ग्वाहियो या वाळलेल्या मिरच्या घालतात. बेडगीच्या जातकुळीच्या, म्हणजे रंग आणि गोडसर वास भरपूर, तिखटपणा बेताचा. तव्यावर अर्धा मिनिट शेकायच्या, काळ्या पडू द्यायच्या नाहीत, गरम पाण्यात भिजवून वाटायच्या. त्यांचा लाल रंग पाण्यात नव्हे, चरबीत विरघळतो. मिसळीच्या तर्रीचं रसायन तेच. पूड घालूनही होते. टेक्सासातच न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात चिली पावडर विकायला काढली. पण अख्ख्या मिरचीचा वास वेगळाच.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून चिली केली. दीड किलो बीफ, खांद्याचं, पडद्यांसकट, तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे. (बीफ न खाणाऱ्यांनी बोकडाच्या खांद्याचं मटण घ्यावं. दोर तोच.) भाजून, कांदा-लसूण-जिरं परतून, मिरचीचं वाटण आणि तुकडे बुडतील इतकं पाणी. आच इतकी मंद की एखादाच बुडबुडा वर येऊन फुटेल. दीड तासाने त्याने तुकडा चाखला आणि त्याचा चेहरा पडला. "काकू, हे तर मागच्यापेक्षा चिवट झालंय." मी म्हटलं, "पडदे आक्रसलेत, पेड अजून पुरते सुटले नाहीत. झाकण ठेव." बरेच लोक याच टप्प्यावर हार मानतात. तीन तासांनी काटा टोचला तर तुकडा आपल्या वजनानेच दोन भागांत उकलला. मधला पडदा गेला होता, त्या जागी चमकदार, काचेसारखा थर होता.

खाताना ओठ एकमेकांना किंचित चिकटत होते. पाया खाल्ल्यावर चिकटतात तसे. पांढऱ्या रश्श्यासाठी कोल्हापुरात नळीचं अळणी पाणी काढतात, तिथेही हेच जिलेटिन.

हे सगळं लिहिताना एका गोष्टीचा राग येतो. कोलॅजनच्या पावडरी. त्वचा तरुण होईल, गुडघे बरे होतील, असं सांगून त्या हजारो रुपयांना विकल्या जातात. पोटात गेलेलं कोलॅजन पचतं, त्याचे मणी आणि लहान तुकडे होतात. थेट गुडघ्यावर जा असा पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो. जाहिरातीत जे छातीठोकपणे सांगतात त्याला तेवढा पुरावा नाही. 'वनस्पतिजन्य कोलॅजन' तर सरळ फसवणूक आहे, वनस्पती कोलॅजन बनवतच नाहीत. हाड मोडलं की पाया पाजतात, तेही तसंच. पाया जरूर खावा, पण कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. हाड भरून यायला अंडी, दूध, डाळभात जास्त कामाचे.

रविवारी सकाळी उरलेली चिली फ्रिजमधून काढली. वर केशरी चरबीचा थर, खाली सगळं थिजलेलं. पातेलं हलवलं तर चिली थलथलत होती, चमचा रोवला तर उभा राहिला. गार होताना सुटे झालेले पेड पुन्हा एकमेकांना शोधतात. पूर्ण दोर काही परत वळता येत नाही, पण जिथे तीन पेड भेटतात तिथे थोड्या लांबीपुरता तोच जुना पीळ पुन्हा बसतो, त्या गाठींचं जाळं होतं आणि सगळं पाणी त्या जाळ्यात अडकतं. तो मुलगा ओट्याशी उभा राहून ती थिजलेली चिलीच चमच्याने खात होता. तोंडात ३५ अंशांच्या आसपास गाठी सुटतात, आणि जिभेवर पुन्हा रस्सा होतो.