अनोळखी परदेशी पुंगळी पुन्हा भरावी का? प्रश्नामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत रायफल नेमबाजीचे अनेक शौकीन झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचून ठेवतात आणि घरीच नवा प्रायमर (आघाताने ठिणगी पाडून दारू पेटवणारी बुडातली टिकली), दारू व गोळी बसवून त्या पुन्हा वापरतात. भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र हा रुळलेला छंद आहे. अडचण येते ती परदेशी लष्करांच्या जुन्या साठ्यांतून आलेल्या, बुडावर अपरिचित शिक्का असलेल्या पुंगळीपाशी.

पहिला पेच 1866 सालचा. त्या वर्षी प्रायमरच्या दोन पद्धतींची पेटंटे निघाली. वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतले एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण, म्हणजे आघाताखाली स्फोटक ज्यावर चिरडले जाते तो कठीण आधार, प्रायमरमध्येच ठेवली. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी ती पुंगळीच्या बुडात घडवली. बॉक्सर पुंगळीत ठिणगीला मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे आतून सुई घालून जुना प्रायमर सहज ढकलता येतो. बर्डन पुंगळीत बाजूला सहसा दोन बारीक छिद्रे असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. गंमत अशी, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले रानगव्यांचे शिकारीच नव्हे, तर सीमेवरच्या लष्करी चौक्याही काडतुसे पुन्हा भरत. ब्रिटिशांना मात्र आपल्या .303 या लष्करी काडतुसाची पुंगळी एकदाच वापरायची होती. ते झाडणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीचे चेंबरही, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, चिखलमाती गेली तरी अडू नये म्हणून ऐसपैस ठेवलेले. त्यात पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाते. फेकूनच द्यायची तर त्याची फिकीर कोणाला?

प्रायमरमधल्या रसायनांचा इतिहास याहून बोचरा आहे. पोटॅशियम क्लोरेटच्या प्रायमरमधून उरणारा क्षार हवेतला ओलावा शोषतो आणि नळी गंजवतो, पण पुंगळी पाण्याने धुतली की बहुधा निभावते. मर्क्युरी फल्मिनेटचे तसे नाही. त्यातला पारा पितळात शिरून ते ठिसूळ करतो, आणि वरून काहीच दिसत नाही. काळ्या दारूच्या दिवसांत भरपूर काजळी हा पारा बराचसा शोषून घेई; धूरविरहित दारू आल्यावर तो थेट पितळावर उतरू लागला. 1920 च्या दशकात जर्मनीत लेड स्टिफनेटवर आधारित, न गंजवणारे प्रायमर बाजारात आले, पण लष्करे पुढेही अनेक वर्षे जुन्यालाच धरून राहिली. म्हणून बुडावरचे साल वाचायला शिकणे ही यातली निम्मी विद्या, असे मला वाटते.

पितळाच्या दुखण्याचा एक धडा तर आपल्याच पावसाळ्याने दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत, तेव्हा दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. कोरडे दिवस आल्यावर पाहावे तर काडतुसे तडकलेली, विशेषतः पुंगळी गोळीला आवळून धरते त्या मानेपाशी. 1921 मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या धातूत अडकलेला ताण, दोघांनी मिळून पितळ फोडले होते. उपाय म्हणजे मानेला नेमका शेक देऊन ताण घालवणे. त्या शेकाचा निळसर-तपकिरी पट्टा लष्करी पुंगळीवर बहुधा तसाच ठेवतात, आणि नवशिके त्यालाच खोट समजून चांगले पितळ टाकून देतात.

ब्रिटिश राजवटीतल्या काडतुसांमध्ये ‘के’ आणि ‘एफ’ अक्षरांच्या पुंगळ्याही सापडतात. ही पुण्याजवळच्या खडकीची खूण. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा. .303 च्या अशा बर्डन पुंगळ्या संग्राहकाला आवडतील, भरणाऱ्याच्या फारशा कामाच्या नाहीत.

तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पुंगळी लोहचुंबकाने ओळखू येते. 7.62 नाटोसारखी लष्करी पुंगळी चांगल्या पितळाची असली तरी अनेकदा जाड भिंतीची असते. आतली जागा कमी, म्हणून नागरी पुंगळीइतकीच दारू घातली तर दाब वाढतो. प्रायमरभोवती ठोकलेली कडही आधी काढावी लागते.

परदेशी म्हणजे बाद, हे मात्र केव्हाच मागे पडले. फिनलंडची लापुआ आणि स्वीडनची नॉर्मा यांच्या बॉक्सर पुंगळ्यांना अचूक नेमबाजीत मोठा मान आहे. सर्बियाच्या उझित्से गावचा प्रवी पार्टिझान कारखानाही पुन्हा भरता येणाऱ्या पितळी पुंगळ्या विकतो, त्याही मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेल्या कित्येक जुन्या मापांत.