अस्थिमज्जेची साक्ष

फिनलंडच्या ईरो मॅन्तूरांताने १९६० ते १९६८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची सात पदकं मिळवली. निरोगी पुरुषात हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर रक्तात) साधारण १४ ते १७ ग्रॅम असतं, त्याचं २० च्या वर. रक्तात काही लबाडी केल्याचा संशय तर येणारच! १९९३ मध्ये कारण कळलं: घराण्यातच एका जनुकात बदल होता. तांबड्या पेशी बनवायला सांगणारं ईपीओ हे संप्रेरक मूत्रपिंडातून येतं, आणि या कुटुंबाची अस्थिमज्जा त्याला वाजवीपेक्षा जास्त दाद देत होती.

असं जनुक नसलेल्यांनी दोन आडवाटा शोधल्या. स्वतःचंच रक्त काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि शर्यतीआधी चढवायचं, किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आलेलं कृत्रिम ईपीओ टोचून घ्यायचं. स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. रक्तही दाट होतं, गुठळ्या होऊ शकतात.

ईपीओ पकडायची चाचणीच नव्हती, म्हणून १९९७ मध्ये सायकलिंगच्या महासंघाने रक्तातल्या पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. एका अर्थी ४९ पर्यंत मुभाच. मॅन्तूरांतासारखा निर्दोष मात्र अडकला असता. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून लघवीच्या नमुन्यात कृत्रिम ईपीओ ओळखता येऊ लागलं, पण त्याच्या खुणा काही दिवसांतच पुसल्या जातात. आणि स्वतःचंच रक्त परत घेतलं, तर त्यात परकं असं शोधणार काय?

म्हणून २००८ मध्ये सायकलिंगमध्ये ‘जैविक पासपोर्ट’ आला. यात औषध शोधत नाहीत. खेळाडूचे आजचे आकडे त्याच्याच जुन्या आकड्यांशी ताडतात. मला यातली खरी हुशारी वाटते ती रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी मोजण्यात. बाहेरून रक्त आलं की शरीर ईपीओ आवरतं आणि अस्थिमज्जा सुस्तावते. हिमोग्लोबिन वर, कोवळ्या पेशी खाली, अशी विसंगती दिसते. ती मोजायचं सूत्र सोपं आहे: लिटरमागे हिमोग्लोबिनच्या ग्रॅममधून कोवळ्या पेशींच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा करायची. हिमोग्लोबिन १५० आणि कोवळ्या पेशी १ टक्का असतील तर उत्तर ९०. रक्त चढवल्यावर १६५ आणि पाव टक्का झालं, तर थेट १३५. रक्त काढून घेतल्यावर उलटं घडतं, म्हणजे ती चोरीही दिसते. तरी निव्वळ आकड्यावर शिक्षा होत नाही. उंचावरचा सराव, आजारपण हे सगळं धरून तीन तज्ज्ञ खेळाडूचं नाव न कळता निवाडा देतात.

यालाही पळवाट आहेच. थोडं थोडं ईपीओ रात्री घेतलं की आकडे फारसे हलत नाहीत. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या झेफेल्ड इथल्या जागतिक स्पर्धेत एक स्कीपटू हाताला रक्ताची नळी लावलेल्या अवस्थेत सापडला. त्याला पकडलं ते प्रयोगशाळेने नव्हे. आधी पकडल्या गेलेल्या एका स्कीपटूने तोंड उघडलं होतं, आणि दारावर पोलीस आले होते.