ब्लॉक वेगळा, खिळा वेगळा : लोगोतली अक्षरं आणि कंपनीचा फॉन्ट

लोगोतली अक्षरं आणि मजकुराचा फॉन्ट एकच समजण्याचा घोळ खिळेजुळणीच्या छापखान्यात होतच नसे. मजकुराचे शिशाचे खिळे खणांमध्ये वेगवेगळे ठेवलेले असत आणि जुळारी एकेक उचलून ओळ लावी. कंपनीचं नाव मात्र ठोकळ्यावर बसवलेला जस्ताचा ब्लॉक म्हणून येई. खिळे हवे तसे जुळवावेत, ब्लॉक आहे तसा लावावा, हे हातालाच कळत असे. आज दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी दिसतात आणि डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्याच्या, टेबलावर रोज प्रश्न येतो : "या लोगोतला फॉन्ट कोणता?"

पुष्कळदा खरं उत्तर असतं, कोणताच नाही. लोगोतलं नाव हे अक्षरांकन असतं, म्हणजे त्या एका नावासाठी काढलेलं चित्र. फॉन्ट हा कुठलाही शब्द लिहिता यावा म्हणून तयार केलेला अक्षरांचा संच असतो. कोका-कोलाचं नाव पाहा. १८८६ च्या सुमारास कंपनीचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन याने ते त्या काळच्या वळणदार लिपीत लिहिलं. त्यातले दोन मोठे 'सी' एकमेकांसारखे नाहीत. पहिल्याची शेपटी पुढच्या अक्षरांखालून धावते, दुसऱ्याचा वरचा फाटा 'एल'च्या फासातून जातो. शेजारचं अक्षर बदललं तर त्या शेपटीला अर्थच उरत नाही. हेच वळण घेऊन कुणी पत्रक लिहिलं तर चार ओळींत डोळे थकतील. म्हणून कंपनीने २०१८ मध्ये मजकुरासाठी वेगळा फॉन्ट आणला, 'टीसीसीसी युनिटी'. तो सरळ, साधा, वाचायला सोपा आहे. नाव जुन्या ब्लॉकने आणि बाकी सगळं नव्या खिळ्यांनी, अशी ही वाटणी.

मराठी माणसाला हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. अक्षरकार कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतच उतरलेला असे. खाली प्रयोगाची वेळ आणि नाट्यगृहाचं नाव साध्या छापील अक्षरांत. ते नाव उचलून कुणी त्याच वळणात तिकिटाचे दर लिहिले असते, तर दोन्ही फसलं असतं.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. नावात तेच अक्षर दोनदा येत असेल तर दोन्ही शेजारी धरून पाहा. 'मामा' हा शब्द फॉन्टमध्ये टाइप केला की दोन्ही 'मा' तंतोतंत सारखे येतात. हाताने काढलेल्या नावात बहुधा एकाची वेलांटी, काना किंवा शिरोरेषा शेजाऱ्याला सांभाळून घेत असते. ही खूण दरवेळी चालत नाही. पॅनासॉनिकचं नाव हेल्व्हेटिका या फॉन्टमधलंच आहे. पण अशी अक्षरंही एकदा लोगो म्हणून ठरली की त्यांचा ब्लॉक झालेला असतो. दरवेळी नव्याने टाइप केली तर अंतरं बदलतात, जाडी बदलते, आणि ग्राहकाला नेमकं काय बदललं ते सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो फॉन्ट लोगोवरून बेतलेला असतो तेव्हा. आयबीएम या संगणक कंपनीचा आठ पट्ट्यांचा लोगो डिझायनर पॉल रँडने १९७२ मध्ये दिला. पुढे कंपनी बरीच वर्षं मजकुरासाठी हेल्व्हेटिका वापरत होती, आणि २०१७ मध्ये तिने स्वतःचा 'प्लेक्स' फॉन्ट सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्या अक्षरांत लोगोची ठेवण जाणवते, पण पट्टे कुठेच नाहीत. प्लेक्समध्ये तीन अक्षरं टाइप केल्याने आयबीएमचा लोगो तयार होत नाही. प्लेक्सचं देवनागरी रूपही आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कंपनीचा आवाज मराठीतही तोच राहावा, याचा विचार कुणीतरी केला आहे.

देवनागरीत फॉन्ट निवडताना मागणी मोठी असते. लोगोला आपल्या नावापुरती चार-पाच अक्षरं पुरतात. फॉन्टला सगळी जोडाक्षरं, रफार, 'दऱ्या'तला अर्धा र, ठळक आणि बारीक वजनं, सगळं लागतं. शिवाय ल आणि श यांची मराठी रूपं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात ती नोंदलेली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की पाकळीचा ल येतो, नाहीतर दांड्याचा. म्हणजे तोच फॉन्ट, तोच शब्द, पण एका संगणकावर एक ल आणि दुसऱ्यावर दुसरा. मजकुरात हे एक वेळ चालून जाईल. नावात चालू नये. म्हणूनच छपाईवाले सांगतात, "लोगो कर्व्ह करून पाठवा." कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षरं रेषांची आकृती बनतात, मग समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो. जस्ताच्या ब्लॉकचा हा आजचा अवतार.

मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये सगळ्या दुकानांना लागू झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. नियमाप्रमाणे मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्या घाईत लागलेल्या कितीतरी पाट्यांवर इंग्रजी नाव म्हणजे विचारपूर्वक काढलेला ब्लॉक आणि मराठी नाव म्हणजे पाटीवाल्याच्या संगणकात सापडलेला फॉन्ट, अशी जोडी दिसते. एकाच दुकानमालिकेच्या दोन शाखांवर मराठी नाव दोन तऱ्हांचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या लिपीत आपलं गिऱ्हाईक विचार करतं, तिच्यातलं नावही एकदा नीट काढून घ्यायला हवं.

रंगाचं थोडक्यात : पडद्यासाठी आणि छपाईसाठी रंगाचे आकडे वेगळे असतात, दोन्ही लिहून ठेवावेत. "लोगोसारखा लाल" एवढ्या तोंडी सांगण्यावर फ्लेक्सवाल्याकडे काम टाकू नये.

धंद्याच्या फोल्डरमध्ये म्हणून दोन वेगळे कप्पे करावेत. एकात मराठी आणि इंग्रजी नावाच्या कर्व्ह केलेल्या फाइली, रंगीत आणि एकरंगी. दुसऱ्यात मजकुराचा फॉन्ट, त्याच्या परवान्यासकट. पाटीवाला "फॉन्टचं नाव सांगा, मी टाइप करतो" म्हणाला, तर त्याला पहिल्या कप्प्यातली फाइल पाठवायची.